कलादालनातली गोधडी आणि तिच्या शेजारचा नावफलक

अबोली (चर्चेचा हा धागा सुरू करणारी), रत्नागिरी

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रत्नागिरीत सुईदोऱ्याच्या कामाचे एक प्रदर्शन भरवायचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. एका बाजूला संगमेश्वर, लांजा आणि राजापूर तालुक्यांतल्या घरांतून मिळालेल्या जुन्या गोधड्या असतील, तर दुसऱ्या बाजूला कला महाविद्यालयांत शिकून बाहेर पडलेल्या आणि रंगाऐवजी कापड व दोरा हेच माध्यम निवडलेल्या तरुण चित्रकारांची कामे असतील. तयारीच्या बैठकीत एक प्रश्न उभा राहिला आणि तो अजून सुटलेला नाही, म्हणून हा धागा काढत आहे. तरुण चित्रकारांच्या कामाखाली त्यांचे नाव, कामाचे शीर्षक, वर्ष आणि माध्यम येणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. गोधड्यांच्या फलकांचा मसुदा मात्र ‘पारंपरिक गोधडी, कोकण’ एवढाच तयार झाला. शिवणारी बाई कोण, हे बहुतेक गोधड्यांच्या बाबतीत घरच्यांना विचारले तर कळू शकते, तरीही ते विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही. माझे स्पष्ट मत आहे की एकाच दालनात दोन प्रकारचे फलक लागता कामा नयेत.

हा भेद आपल्याकडेच आहे असे नाही. लंडनची रॉयल अकॅडमी ही कलासंस्था १७६८ मध्ये स्थापन झाली आणि तिने सुरुवातीच्या काळातच आपल्या प्रदर्शनांतून सुईकामाला वगळणारा नियम केला. त्याच काळात मेरी लिनवुड नावाची बाई लोकरीच्या धाग्यांनी मोठमोठी चित्रे भरत होती. अकॅडमीची दारे बंद असल्यामुळे तिने लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरला स्वतःचे दालन मांडले आणि ते अनेक वर्षे लोकप्रिय राहिले. पुढे विसाव्या शतकात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या अ‍ॅनी अल्बर्स यांच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९४९ मध्ये भरले. कापड भिंतीवर लावून त्याच्याकडे चित्राइतक्याच गांभीर्याने पाहायचे, ही सवय पाश्चात्त्य दालनांनाही फार उशिरा लागलेली आहे.

आपल्या भागाला या इतिहासात जी जागा आहे, तिचा उल्लेख फारसा होत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली कोकण किनाऱ्यावरच्या नागाव या गावी झाला. रिकाम्या अवकाशात घड्याळ, पान, किल्ली अशा वस्तू मांडणारे चित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु १९६१ पासून पुढे कितीतरी वर्षे ते विणकर सेवा केंद्रात, आधी वाराणसीला आणि नंतर मुंबईत, नोकरी करत होते. हातमाग आणि हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या केंद्रांमध्ये चित्रकार आणि विणकर एका छपराखाली काम करत असत. के. जी. सुब्रह्मण्यन आणि अंबादास हे चित्रकारही तिथे होते. त्याच सुमारास मुंबईत मोनिका कोरिया आणि नेली सेठना या दोघी मागावर वेगळे प्रयोग करत होत्या. दोघींचाही मारियान स्ट्रेंगेल या फिनलंडहून अमेरिकेत गेलेल्या विणकर्तीशी शिकण्याच्या निमित्ताने संबंध आला होता. मोनिका कोरिया यांनी विणता विणता मागाची फणीच काढून टाकण्याची पद्धत शोधली. फणी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ठरावीक अंतरावर धरून ठेवते. ती काढली की धागे आपल्या मनाने सरकतात, एकमेकांकडे झुकतात किंवा दूर जातात, आणि कापडात पाण्यासारखी वळणे उमटतात. हे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला ‘हे कापड आहे की कला’ हा प्रश्न पडणारच नाही, असे मला मनापासून वाटते.

या सर्वांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, आणि ती ठाऊक असणे योग्यच आहे. मग गोधडी शिवणारीचे नाव का नको? आपल्या समाजात घरच्या हातकामाचे प्रदर्शन भरत नव्हते असे कोणी म्हणू नये. लग्नातले रुखवत हे प्रदर्शनच होते. भरतकामाचे रुमाल, मण्यांची तोरणे, क्रोशाचे ताटझाकण, खणाच्या पिशव्या हे सगळे टेबलावर नीट मांडले जाई, पाहुणे रांगेने पाहत, बायका कापड उलटे करून टाके तपासत आणि ‘हे कोणाच्या हातचे?’ असे आवर्जून विचारत. तिथे नाव तोंडी सांगितले जात होते. दालनात ते विचारणारे आणि सांगणारे दोघेही नसतात, म्हणून तिथे ते लिहावे लागते.

दोन गोष्टींवर आपले अनुभव आणि मते हवी आहेत. गोधडीच्या फलकावर नेमके काय लिहावे, आणि आपल्या दमट, खारट हवेत जुने कापड प्रदर्शनाच्या काळात कसे सांभाळावे.

बंदरवाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. संग्रहालयातल्या जुन्या वस्त्रांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि किनाऱ्यालगत हे काम किती अवघड होते हे जवळून पाहिले आहे.

आधी उजेडाविषयी. जगभरातली संग्रहालये जुन्या कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा एक लाखाच्या आसपास जातो, यावरून ५० लक्स किती मंद असतो याची कल्पना येईल. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून येत नाही. रंग उडतोच, त्याशिवाय धागाही ठिसूळ होतो. तुमच्या सभागृहाला मोठ्या खिडक्या असतील तर त्यांना जाड पडदे लावा आणि थेट ऊन कुठल्याही वेळी कापडावर येणार नाही हे दिवसभर थांबून पाहा. एलईडी दिव्यांतून अतिनील किरण फारच कमी येतात, त्यामुळे ते वापरा, पण झोत कापडावर रोखू नका. पाहणाऱ्यांचे डोळे मंद उजेडाला काही मिनिटांत सरावतात. त्यासाठी प्रवेशाजवळची जागा थोडी अंधारी ठेवली तर पुरते.

हवेच्या बाबतीत तुम्ही निवडलेला काळ योग्य आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याहून पुष्कळ वर असते. सभागृह जांभ्या दगडाचे असेल तर भिंतीत पावसाची ओल कार्तिकातही उरलेली असू शकते. म्हणून गोधडी भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे तीन-चार बोटे हवा खेळेल एवढी जागा सोडा. काचेच्या चौकटीत कापड थेट काचेला टेकवणे हा किनारपट्टीवर सर्वात घातक प्रकार आहे, कारण काचेच्या आतल्या बाजूला दव धरते आणि तिथेच बुरशीचे ठिपके उमटतात.

टाचण्या, खिळे, लोखंडी क्लिपा यांतले काहीही कापडाला लावू नये. खाऱ्या हवेत ते फार लवकर गंजते आणि गंजाचा डाग कापडातून निघत नाही, उलट पुढे तिथेच भोक पडते. गोधडी टांगायचीच असेल तर वरच्या काठाला मागून सुती पट्टी हाताने शिवा, त्या पट्टीवर वेल्क्रोची मऊ बाजू आधीच शिवून घ्या, आणि खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर लावा. त्यामुळे वजन पूर्ण रुंदीवर सारखे वाटले जाते. लाकूड आणि कापड यांच्यामध्ये खळ काढून धुतलेल्या मांजरपाटाचा थर ठेवा, कारण नव्या लाकडातून निघणारी आम्लता कापडाला बाधते. तरीही माझा आग्रह असा की जुन्या, जड गोधड्या टांगूच नयेत. अनेक थरांची गोधडी उभी लटकली की सगळा भार धावदोऱ्याच्या जुन्या टाक्यांवर येतो आणि ते तुटू लागतात. थोड्या उतरत्या फळीवर ती पसरून ठेवली तर कापडाला आराम मिळतो आणि पाहणाऱ्यालाही ती शिवताना जशी जमिनीवर पसरलेली होती तशी दिसते.

आणखी एक. घराघरांतून आलेली कापडे एकत्र ठेवण्यापूर्वी प्रत्येकीत कसर आहे का ते तपासा. शंका असेल तर कापड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता आतले कापड खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डांबराच्या गोळ्या कापडाला लागून ठेवू नयेत. प्रदर्शन संपल्यावर घडी न घालता जाड नळीभोवती गुंडाळून परत करा. घडीची रेघ हीच पुढे फाटण्याची जागा होते.

हर्णैची वाट

बंदरवाट यांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. मला या चर्चेत एक वेगळी गोष्ट आणायची आहे. सुईदोऱ्याच्या प्रदर्शनात कोकणातली जाळी का नसावीत?

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांची शिल्पे अनेकांनी निदान छायाचित्रांत पाहिली असतील. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात सुब्रह्मण्यन यांच्याकडे शिकलेल्या या शिल्पकर्तीने रंगवलेल्या तागासारख्या तंतूंच्या दोरांना केवळ गाठी मारून माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. त्यात ना माग आहे ना सुई. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी ही कामे जणू प्रथमच पाहिली. गाठीवर गाठ देत पोकळीला आकार देण्याची ही क्रिया किनाऱ्यावरच्या माणसाला अनोळखी नाही. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत, घरीच विणली जात, आणि खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवली जात. कुठल्या मासळीसाठी आस, म्हणजे जाळ्याच्या गाठींमधली मोकळी जागा, किती ठेवायची, हे विणणाऱ्याच्या बोटांना माहीत असे.

असे एखादे जुने सुती जाळे कोणाच्या माळ्यावर अजून असेल तर ते तुमच्या प्रदर्शनात यावे. त्याच्या फलकावरही विणणाऱ्याचे नाव असावे, आणि बहुतेक वेळा ते नाव पुरुषाचे असेल. सुईदोरा म्हणजे बायकांचे काम ही समजूत त्यामुळे आपोआप थोडी सैल होईल.

रेषा आणि पोत

मी स्वतः कापडावर काम करणारी चित्रकार आहे आणि मला इथे थोडी असहमती नोंदवायची आहे. फलकावर नाव असावे हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु प्रत्येक गोधडी आणि प्रत्येक समकालीन कलाकृती यांना एकाच मापाने मोजावे, असा जो सूर या धाग्यात लागतो आहे, तो मला पटत नाही. गोधडी ऊब देण्यासाठी शिवली जाते. लुगडे जिथे विरले तिथे ठिगळ येते, उरलेला तुकडा जेवढा असेल तेवढाच लागतो. माझ्या कामात मी ठिगळ लावते तेव्हा तिथे कापड फाटलेले नसते. ठिगळ ही माझी निवड असते आणि त्या निवडीचे उत्तर मला द्यावे लागते. हा फरक लहान नाही. तो पुसला गेला तर गोधडी शिवणारीचा गौरव होत नाही, कारण तिच्या कौशल्याचा खरा कस गरजेच्या चौकटीतच लागलेला असतो.

याचे चांगले उदाहरण आपल्या शेजारी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात. या समाजातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले होते. कवंदी काठापासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्याकडे जाते, तुकड्याची कड दुमडत दुमडत धावदोरा पुढे सरकतो. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना फुला म्हणतात. ऊब देण्यासाठी फुलांची गरज नाही, तरीही त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. गरज संपते आणि निवड सुरू होते ती जागा मला या कोपऱ्यात दिसते. कोकणातल्या गोधड्यांतही अशा जागा शोधल्या पाहिजेत. काठाला मुद्दाम वेगळ्या रंगाची पट्टी आहे का, मध्यभागी चौकट आहे का, धावदोऱ्याची दिशा एखाद्या ठिकाणी कारण नसताना वळली आहे का, हे पाहून मगच गोधड्या निवडा. सरसकट मिळतील त्या सगळ्या लावल्या तर दालनाचे गोदाम होईल.

अबोली

रेषा आणि पोत, तुमचे म्हणणे मला विचार करायला लावणारे आहे आणि निवडीची जी कसोटी तुम्ही दिली आहे ती मी बैठकीत मांडणार आहे. एक मात्र सांगावेसे वाटते. गरजेपोटी शिवताना निवड नसते असे मी मानत नाही. दोन तुकडे सारख्याच मापाचे उरले असताना हिरव्याशेजारी जांभळा लावायचा की पिवळा, हे कोणीतरी ठरवलेलेच असते.

सुपारीबाग

निवड, सन्मान यांवर चांगले बोलणे झाले. मी पैशाविषयी लिहितो, कारण तो विषय अखेरीस काढला तर नेहमी कटुता येते.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतात वापरलेल्या जुन्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना अमूर्त चित्रांशी केली, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. इथे नावे होती, गौरवही होता. तरीही २००७ मध्ये त्यांपैकी काही बायकांना मोबदला आणि हक्कांसाठी न्यायालयात जावे लागले, आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. गोधडी विकली म्हणजे तिच्या नक्षीचे चित्र चादरींवर, कपांवर, दिनदर्शिकांवर छापण्याचा हक्कही विकला का, हे आधी कोणी स्पष्ट केलेले नसले की असे होते.

म्हणून प्रत्येक घराकडून गोधडी घेताना साध्या मराठीत एक पानाचा कागद करावा. गोधडी उसनी घेतली आहे, अमुक तारखेला परत मिळेल, वाटेत किंवा प्रदर्शनात खराब झाली तर जबाबदारी कोणाची, छायाचित्र कुठे कुठे वापरले जाईल, आणि कोणी विकत मागितली तर संयोजक मध्ये दर ठरवणार नाहीत, एवढे त्यात असले तरी चालेल. तो कागद वाचून दाखवावा आणि एक प्रत घरी ठेवावी.

खळ्यातली दुपार

मी सिंधुदुर्गातल्या एका महिला बचत गटाशी जोडलेली आहे. आमच्याकडे अजूनही उन्हाळ्यात, पावसापूर्वी, खळ्यात गोधड्या शिवल्या जातात. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, आत जुन्या लुगड्यांचे थर, वर निवडलेले कापड, आणि मग दोघी-तिघींनी वेगवेगळ्या कडांवर बसून धावदोरा घालत आत सरकायचे, अशी पद्धत आहे.

म्हणजे गोधडी पुष्कळदा एकीची नसते. फलकावर एकच नाव टाकले तर शेजारून येऊन दुपारभर टाके घालणारीवर अन्याय होईल. अशा वेळी सगळ्यांची नावे लिहावीत. जागा पुरत नाही ही सबब मला मान्य नाही. अमेरिकी कलाकार जूडी शिकागो यांच्या ‘द डिनर पार्टी’ या सत्तरच्या दशकातल्या प्रसिद्ध कलाकृतीत भरतकाम आणि चिनी मातीचे काम करणाऱ्या शंभराहून अधिक सहकाऱ्यांची नावे स्वतंत्र फलकांवर दिलेली आहेत. याच शिकागोबाईंच्या रचनेवरून २०२० मध्ये पॅरिसमधल्या डिऑर या फॅशन कंपनीच्या वस्त्रप्रदर्शनासाठी जे मोठे पडदे लावले होते, ते मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या शिकणाऱ्या महिलांनी भरले होते. शाळेचे नाव जगभर पोचले याचा मला आनंद आहे. प्रत्येकीचे नाव पोचावे अशी माझी इच्छा आहे, आणि आपल्या छोट्या प्रदर्शनात ते सहज शक्य आहे.

नाव विचारताना एक काळजी घ्या. गावात वयस्क बायकांना ‘अमक्याची आई’ किंवा आडनावाने ‘काकू’ अशीच हाक असते, आणि तेच नाव वहीत उतरते. तिचे स्वतःचे नाव विचारा. गोधडी माहेरी असताना शिवलेली असेल तर फलकावर माहेरचे नाव हवे की सासरचे, हे तिनेच ठरवावे. कोणाला नाव नकोच असेल तर तेही मानावे, पण मग ‘नाव देऊ इच्छित नाही’ असे लिहावे. ‘अज्ञात’ लिहू नये, कारण ती आपल्याला अज्ञात नाही.

बंदरवाट

खळ्यातली दुपार यांनी जी पद्धत सांगितली ती दालनात दिसली पाहिजे. शक्य असल्यास त्यांच्या गटाकडून एक नवी, अर्धवट शिवलेली गोधडी मागवा आणि ती लोकांना हात लावण्यासाठी खुली ठेवा. कापडाच्या प्रदर्शनात स्पर्श करण्याची ओढ आवरत नाही, आणि हात लावू नये अशा पाट्यांनी ती थांबत नाही. हाताळायला एक तुकडा मोकळा असला की जुन्या गोधड्या वाचतात. शिवाय तिची एक कड उलटी करून ठेवा. मागचे टाके, गाठी आणि आतले थर पाहिले की किती हात आणि किती काळ त्यात गेला ते लोकांच्या ध्यानात येते.

अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा बैठक झाली आणि पुढील गोष्टी ठरल्या. दालनातले सर्व फलक एकाच आकाराचे, एकाच अक्षरात असतील आणि प्रत्येकावर आधी नाव, मग गाव, मग साहित्य, मग अंदाजे काळ असा क्रम राहील. गोधडी अनेकींनी मिळून शिवली असेल तर सगळी नावे येतील. शिवणारीचे नाव घरच्यांनाही आठवत नाही अशा फक्त दोन गोधड्या आहेत. त्यांच्या फलकावर त्या कोणत्या घरातून आल्या आणि घरात त्यांच्याविषयी काय सांगितले जाते ते लिहू. जड गोधड्या उतरत्या फळ्यांवर ठेवायच्या, खिडक्यांना पडदे करायचे आणि उसने घेण्याचा कागद सुपारीबाग यांनी सांगितल्याप्रमाणे करायचा, यावरही एकमत झाले आहे. रेषा आणि पोत यांनी निवडीच्या वेळी दोन दिवस येण्याचे कबूल केले आहे.

खळ्यातली दुपार, तुमच्या गटातल्या बायकांना अर्धवट गोधडी देणे जमेल का, आणि त्यांच्यापैकी कोणी एक दिवस दालनात बसून ती पुढे शिवायला येतील का, हे कळवावे. येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाचा मेहनताना आमच्या अंदाजपत्रकात धरला आहे. हर्णैची वाट, सुती जाळे अजून मिळालेले नाही. दाभोळ, जयगड किंवा देवगडकडे कोणाच्या माळ्यावर असेल तर या धाग्यावरच लिहावे, आम्ही स्वतः येऊन पाहू.

खळ्यातली दुपार

जमेल. दोघीजणी यायला तयार आहेत. फक्त भात झोडून होईपर्यंत त्यांना सवड नाही, तेव्हा तारीख त्याच्या नंतरची धरावी. त्यांची नावे मी त्यांना विचारून, त्या सांगतील तशीच लिहून पाठवते.